स्वयंपाकघरातला डिजिटल काटा: १४ महिन्यांच्या वापरानंतर

काटा घरात आला तो केकसाठी. केकचं सामान ग्रॅममध्येच मोजायचं असतं, असा लेकीचा हट्ट. केक दोनदा झाला, त्यातला एक बसला, आणि काटा मिक्सरच्या मागे जाऊन पडला. दोन महिन्यांनी तो बाहेर काढला तेव्हा डोक्यात केक नव्हता, वाणसामानाची वही होती.

किराण्याचे पैसे एक तारखेला वेगळ्या पाकिटात काढून ठेवायची आमची जुनी सवय. पाकीट पूर्वी महिनाभर पुरायचं, कधी थोडं उरायचंही. मग ते २५ तारखेला रिकामं व्हायला लागलं, मग २२, मग २०. दरवेळी मी यादीतून काहीतरी खोडायची. खोडलेली वस्तू १५ तारखेनंतर ‘एवढीच आणते’ म्हणत लहान पुडीतून, जास्त भावाने, मागच्या दाराने घरात यायचीच. वहीत रक्कम लिहिलेली असायची, पण किती आणलं आणि किती दिवस पुरलं हे कुठेच नाही. भाव चढला की वही नुसती लाल व्हायची.

साधं त्रैराशिक आहे. भाव २५ टक्के वाढले आणि पाकीट तेवढंच राहिलं, तर सामान २० टक्के कमी येणार. म्हणजे घरातून २० टक्के वापर कुठून तरी कमी व्हायला हवा. तो कुठून करायचा हे रुपये-पैशांच्या वहीला सांगता येत नाही, कारण पैसे दुकानात संपतात आणि सामान घरात. म्हणून काटा.

वस्तूबद्दल आधी. चपटा, पाटीएवढा, ५ किलोपर्यंत तोलणारा, १ ग्रॅमचा फरक दाखवणारा. समोर दोन बटणं: एक चालू-बंद, दुसरं ‘टेअर’. टेअर म्हणजे भांडं ठेवून दाबलं की आकडा शून्य, मग फक्त आत टाकाल तेवढ्याचंच वजन. कंपनीचं नाव डिस्प्लेखाली होतं, ते माझ्या फडक्याने पुसून पुसून उडालं आहे, आणि त्याने काही बिघडत नाही; या किमतीतले काटे आतून जवळपास सारखेच असतात. आत धातूची एक छोटी पट्टी असते, वजनाने ती केसभर वाकते, तिच्यावर चिकटवलेल्या तारांचा विद्युतरोध बदलतो आणि त्याचा आकडा होतो. हे कळल्यापासून मी काट्यावर भांडं आदळत नाही. पट्टी एकदा कायमची वाकली की आकडा खोटा.

किंमत म्हणाल तर आमच्या महिन्याच्या तेलापेक्षा कमी पडली.

पहिल्या रविवारी सगळे डबे रिकामे करून तोलले आणि प्रत्येकाच्या बुडाला मार्करने रिकामं वजन लिहिलं. तांदळाचा ४१२, साखरेचा २३५, डाळीचा २९०. आता दर रविवारी डबा जसाच्या तसा काट्यावर ठेवायचा, बुडाचा आकडा वजा करायचा, वहीत उरलेले ग्रॅम लिहायचे. नऊ डब्यांना दहा मिनिटं लागतात. एवढ्यावरून आठवड्याला काय किती लागलं ते कळतं, आणि १० तारखेलाच दिसतं की साखर २४ ला संपणार आहे. आधी हे २४ तारखेला, चहा टाकताना कळायचं.

सासूबाईंना हे अजिबात आवडलं नाही. “चाळीस वर्षं मुठीने मोजतेय, आता माझ्या मुठीवर यंत्र बसवणार का?” मी गप्प. दुसऱ्या दिवशी त्यांच्या नकळत त्यांनी काढलेले तांदूळ तोलले: ३०२ ग्रॅम. तिसऱ्या दिवशी २९८. चौथ्या दिवशी ३००, अगदी ठोक. पाचव्या दिवशी मी काढले, ३७५. नवऱ्याने रविवारी काढले, ४४०, वर म्हणाला, “कमी पडायला नको.” अंदाजपंचे चालायचं ते आमचं; त्यांचा हात काट्यासारखाच होता. हे मी जेवताना सगळ्यांसमोर वाचून दाखवलं. तेव्हापासून काटा ओट्यावर कायम असतो आणि त्याच्यावर पहिला हक्क सासूबाईंचा आहे.

तेलाचं प्रकरण मात्र सगळ्यांनाच झोंबलं. दिवसाला १२५ ग्रॅम तेल लागतं असं आम्ही धरून चाललो होतो. बरणी रोज सकाळ-संध्याकाळ तोलली तेव्हा सरासरी निघाली १६८. म्हणजे महिन्याला पावणेचार किलो नव्हे, पाच किलोच्या वर. तेलाचे भाव जगाच्या बाजारात ठरतात. संयुक्त राष्ट्रांची अन्न व कृषी संघटना अन्नाच्या जागतिक भावांचा निर्देशांक काढते, २०१४-१६ ची सरासरी १०० धरून. २०२२ च्या मार्चमध्ये सगळ्या अन्नाचा मिळून आकडा १६० च्या आसपास गेला होता, आणि एकट्या वनस्पती तेलांचा २५० च्या. तिथे आपलं कोण ऐकणार? पण आमच्या घरात पळी खोल होती, आणि फोडणीला ‘एक पळी’ म्हणजे प्रत्येकाची वेगळी पळी. एक पळी तोलली, ३८ ग्रॅम. तिच्या जागी चहाचा मोठा चमचा आणला, तो १२ ग्रॅमचा. आता सरासरी १३० वर आहे, आणि चवीत फरक पडल्याची तक्रार फक्त पहिल्या आठवड्यात आली.

तेलाची आणखी एक गंमत काट्यानेच दाखवली. १ लिटर तेल म्हणजे १ किलो नाही, साधारण ९१० ते ९२० ग्रॅम. एक पुडा लिटरवर आणि शेजारचा किलोवर असेल, तर सारख्या किमतीला लिटरवाला नऊ-दहा टक्के महाग पडतो. मी कित्येक वर्षं पुड्याच्या आकारावरून ठरवत होते.

पुड्यांवरून आठवलं. वजन घटवायचं, किंमत तीच ठेवायची, हा खेळ आता सगळ्यांना माहीत आहे, पण हिशेब करताना माणूस फसतो. किलोचा पुडा ९०० ग्रॅमचा झाला तर भाव १० टक्के वाढला असं वाटतं. तो वाढतो ११ टक्के. ८०० चा झाला तर २० नव्हे, २५. फ्रान्समध्ये जुलै २०२४ पासून मोठ्या दुकानांना अशा घटवलेल्या मालाजवळ तशी पाटी लावणं सक्तीचं केलं आहे. आमच्या घरची पाटी म्हणजे वहीचं शेवटचं पान: वस्तू, पुड्यावरचं निव्वळ वजन, आणि १०० ग्रॅमला किती पडलं. खरं सांगायचं तर यासाठी काटा लागत नाही, पुड्यावर छापलेलं असतं. पण काटा आल्याशिवाय मला ते वाचायची सवय लागली नसती. बंद पुडे मी उत्साहाच्या भरात २०-२५ तरी तोलून पाहिले. लिहिलेलं भरलं, एखाद-दुसऱ्यात दोन-चार ग्रॅम जास्तच.

सुट्या सामानात एका ठिकाणी घोळ निघाला. किलोमागे ३० ग्रॅमच्या आसपास कमी, सलग तीन वेळा. भांडायला जायच्या आधी स्वतःचा काटा तपासावा एवढी अक्कल होती. टांकसाळ नाण्यांचं वजन जाहीर करते, म्हणून एकाच किमतीची, एकाच वर्षाची दहा नवी नाणी ठेवली; आकडा बरोबर. जड वजनाला नाणी पुरत नाहीत, म्हणून दोन बंद पुडे वेगवेगळे आणि मग एकत्र तोलले, बेरीज जुळली. मग गेले. दुकानदार जाड कागदी पिशवीत सामान भरून पिशवीसकट तोलत होता, आणि पिशवीच २८ ग्रॅमची. माझ्या देखत त्याने रिकामी पिशवी ठेवून शून्य केलं. मुद्दाम करत होता की सवयीने, ते त्याचं त्याला ठाऊक. आता मी घरून डबा नेते.

पण सगळ्यात जास्त कमाई काट्याने जिथे केली ती जागा ओट्यावर नव्हती, कचऱ्याच्या डब्याशी होती. एक महिना मी टाकलेलं अन्न तोललं. सालं-देठं सोडून, फक्त खाता आलं असतं असं: उरलेला भात, फ्रिजच्या तळाशी सडलेली पालेभाजी, वास आलेली आमटी. ६ किलो २०० ग्रॅम! संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या २०२४ च्या अहवालात जगभरात घराघरांतून माणशी वर्षाला ७९ किलो अन्न वाया जातं असं म्हटलं आहे, सालं-बिया धरून. आमच्या चौघांचं त्या मानाने बरंच कमी, असं म्हणत नवऱ्याने हुश्श केलं. सासूबाईंनी हिशेब वेगळा मांडला: “म्हणजे दोनशे ग्रॅम रोज. एका माणसाचं एक वेळचं जेवण रोज फेकतोय आपण.” त्या संध्याकाळपासून भाजी दोनच दिवसांची येते आणि उरलेल्याचा डबा फ्रिजमध्ये डोळ्यांसमोरच्या फळीवर असतो. गेल्या महिन्याचा आकडा १ किलो ९००. मला जे २० टक्के शोधायचे होते, त्यातला मोठा भाग या डब्यात आणि तेलाच्या पळीत सापडला. यादीतून एकही वस्तू खोडावी लागली नाही.

लेक अर्थशास्त्र शिकते. तिने या सगळ्यात एंगेल नावाच्या जर्मन संख्याशास्त्रज्ञाचा १८५७ चा नियम ऐकवला, की कमाई जेवढी कमी तेवढा तिच्यातला अन्नावरचा वाटा मोठा. सासूबाई म्हणाल्या, “एवढं कळायला जर्मन कशाला लागतो?”

आता तक्रारी, कारण आहेत. ५ किलोची मर्यादा खरंच जाचते. पिठाचा मोठा डबा यावर चढत नाही, अर्धा रिकामा करून दोनदा तोलावा लागतो, आणि रविवारची ती एकच गोष्ट मला कंटाळवाणी वाटते. पसरट भांडं ठेवलं की आकडे त्याच्या खाली जातात. मी वाटी उपडी ठेवून त्यावर परात ठेवते, टेअर करते, मग दिसतं. दोन मिनिटं हात लावला नाही तर काटा आपोआप बंद होतो आणि भांड्याचं शून्य विसरतो. मधेच फोन आला की सगळं पुन्हा. चिमूटभर वस्तूंना हा निरुपयोगी आहे: चहाची पूड हळूहळू भुरभुरवली तर कधीकधी आकडा हलतच नाही, कारण इतका बारीक बदल तो वाऱ्याची झुळूक समजून सोडून देतो. एकदम टाकावी लागते. मसाल्यांचा हिशेब मी ठेवतच नाही, त्यात वाचून वाचणार किती.

बटणांच्या फटीत एकदा तेल उतरलं आणि टेअर आठवडाभर अडकत होतं. आता वर पारदर्शक पिशवी चढवली आहे, दिसायला गबाळी पण बरी. बॅटऱ्या १४ महिन्यांत दोनदा बदलल्या. संपत आल्या की आकडा आधी थरथरतो, त्या दिवशीची नोंद धरू नये.

एकट्या माणसाला, किंवा बहुतेक जेवण बाहेर होत असेल त्याला, याचा फारसा उपयोग नाही; वही आणि पुड्यावरचे आकडे पुरतील. चार माणसांच्या, तीन हातांनी स्वयंपाक होणाऱ्या घराला जरूर घ्या, पण १० किलोचा आणि आकडे भांड्याच्या खाली न जाणारा बघा. माझा पुढचा तोच असणार आहे. हा जुना जावेकडे जाईल, तिने आत्ताच मार्करसकट मागून ठेवलाय.

पाकीट गेल्या महिन्यात २९ तारखेपर्यंत टिकलं. फेब्रुवारी नव्हता.