विझलेली सिगार पुन्हा पेटवताना: काडी, साधा लायटर की टॉर्च?

सिगार मिनिटाला साधारण एका झुरक्याच्या चालीने चालते. गप्पांच्या नादात चार-पाच मिनिटं तिच्याकडे पाहिलं नाही की ती विझते. मुंबईच्या पावसाळ्यात हे जरा जास्तच होतं. सिगार साठवायची ६५ ते ७० टक्के आर्द्रतेत, आणि जुलैत गॅलरीतली हवा बहुतेक वेळ ८० च्या वर. तंबाखू ओल धरते आणि ओली तंबाखू धुमसत राहत नाही.

पुन्हा पेटवायला काय घ्यायचं हे ठरवताना एक गोष्ट ध्यानात ठेवा. नव्या सिगारचं टोक कोरं असतं, विझलेलीचं टोक आधीच कोळसा झालेलं असतं. कोळसा लवकर पेट धरतो. म्हणजे दुसऱ्यांदा आच कमी लागते, आणि बहुतेकांची चूक इथेच होते: पहिल्या वेळेइतकीच, किंवा वैतागून त्याहून जास्त आच देतात.

ज्योत कुठलीही असो, आधीची तयारी एकच. राख ॲशट्रेच्या कडेला टेकवून, सिगार फिरवत पाडा. आपटू नका; बाहेरचं पान चिरतं. मग तोंडात धरायच्या बाजूने सिगारमधून दोन-तीनदा हलकेच फुंका. सिगार विझली की आतला धूर थंड होऊन डांबरासारखा चिकटतो, त्यात अमोनियाचा उग्रपणा असतो. फुंकल्याने शिळा धूर तरी निघून जातो. हे केलं नाही तर पहिलाच झुरका घशाला लागतो, मग हातातला लायटर कितीही महाग असो.

बंद खोलीत आमची पसंती काडीला. आपली नेहमीची काडी जेमतेम ४ सेंटिमीटरची, दहा-बारा सेकंदांत बोटापर्यंत येते; पहिल्यांदा पेटवायला ती अपुरी पडते, पण विझलेलीला दोन काड्या पुरतात. गुल पूर्ण जळू द्या. त्यात पोटॅशियम क्लोरेट आणि गंधक असतं आणि तो वास थेट तंबाखूत उतरतो. लाकूड जळायला लागलं की सिगार तिरकी धरून ज्योत टोकाच्या एक-दीड सेंटिमीटर खाली ठेवा. चिकटवायची नाही. सावकाश फिरवा. काळ्या कडेवर लाल रेघ धावू लागली की टोकावर हळूच फुंका. सगळीकडून सारखं लाल दिसलं तर झालं, एखादा भाग काळाच राहिला तर फक्त तिथे पुन्हा आच द्या. तो तसाच सोडलात तर पुढे सिगार एका बाजूने जळत जाते. मग तोंडात धरून पहिला झुरका न घेता एकदा बाहेर फुंका, आणि त्यानंतर ओढा.

काडीची अडचण दोनच ठिकाणी. पंखा चालू असेल तर तो बंद करावा लागतो, आणि पावसाळ्यात काडेपेटीची घासायची पट्टी सादळते. काडेपेटी घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा.

साधा गॅस लायटर, म्हणजे पिवळ्या ज्योतीचा, काडीचंच काम करतो आणि गुलाचा प्रश्न नाही. फक्त सिगार ज्योतीच्या वर धरायची म्हणून लायटर आडवा होतो, ज्योत वर वळते आणि अंगठा भाजतो. पेट्रोलवर चालणारा, झाकणाचा लायटर मात्र नको. त्याचा वास दोन-तीन झुरके जात नाही. स्वयंपाकघरातल्या शेगडीवर वाकणारेही असतात. रुंद ज्योतीने टोकाऐवजी बाजूचं पान करपतं, कधी मिशीही.

टॉर्च लायटर, म्हणजे जोरदार निळ्या ज्योतीचा, घ्यावा तो वाऱ्यासाठी. वरळीला समुद्राकडच्या गच्चीवर काडी टिकणारच नाही. तिथे निळ्या ज्योतीला पर्याय नाही. पण तिची आच १००० अंश सेल्सियसच्या वर असते. आधीच कोळसा असलेल्या टोकावर ती जवळून धरली की आतली चांगली तंबाखूही करपते आणि कडवटपणा शेवटपर्यंत जात नाही. एक इंच लांब, एका वेळी तीन-चार सेकंद, मध्ये थांबून. दुपारच्या उन्हात ही ज्योत जवळजवळ दिसत नाही, म्हणून सावलीकडे वळा. तीन तोंडांचा घेण्यापेक्षा एका तोंडाचा घ्या. काळा राहिलेला नेमका भाग त्याने साधता येतो. गॅस भरताना ज्योतीचा स्क्रू कमीवर आणा, झडप दाबून आतली हवा सोडा, लायटर उलटा धरून भरा आणि पाच मिनिटं थांबा. हवा राहिली तर ज्योत फुरफुरत विझते. हलक्या प्रतीच्या गॅसमधल्या तेलकट मळाने लायटरचं तोंड बुजतं.

आता वेळेचं. २ ऑक्टोबर २००८ पासूनच्या नियमांनुसार रेस्टॉरंटच्या टेबलावर धूम्रपान बंद आहे. ३० किंवा जास्त आसनांच्या जागी वेगळी खोली असू शकते. त्यामुळे जेवायला आत जाताना सिगार अर्धी ठेवावी लागते. तासा-दोन तासांत परत आलात तर वरची पद्धत पुरते. रात्रभर राहिलेली मात्र काळ्या कडेच्या सेंटिमीटरभर मागे, धारदार कटरने कापून मगच पेटवा. कापल्यावर टोक पुन्हा कोरं, म्हणजे आचही पहिल्यासारखीच जास्त. कापून दोन इंचांहून कमी उरत असेल तर तो खटाटोप करू नका, टाकून द्या.