इंटेलिजे आयडिया: फाइलींची मांडामांड करायला उत्तम

महापेच्या आमच्या ऑफिसात जावा या प्रोग्रामिंग भाषेतल्या एका मोठ्या, जुन्या प्रोजेक्टची फेरमांडणी चालू आहे. 'युटिल', 'कॉमन', 'हेल्पर' असल्या पॅकेजांत (म्हणजे कोडच्या फाइलींच्या कप्प्यांत) वाट्टेल ते कोंबलेलं होतं. आता बिलिंगचं बिलिंगमध्ये, ग्राहकांचं ग्राहकांमध्ये. यासाठी मी इंटेलिजे आयडिया हे कोड लिहायचं सॉफ्टवेअर वापरते, आणि मनापासून सुचवेन.

शिफ्ट-एफ६ दाबून क्लासचं (कोडच्या एका घटकाचं) नाव बदललं की फाइलचं नाव आणि कोडमधले सगळे वापरही बदलतात. जावात पब्लिक क्लास आणि त्याची फाइल यांचं नाव एकच लागतं, त्यामुळे ही सोय फार मोलाची. एफ६ने क्लास दुसऱ्या पॅकेजात हलवला की तो वापरणाऱ्या फाइलींतल्या इम्पोर्टच्या ओळी आपोआप सुधारतात. पॅकेजपुरत्या मर्यादित मेथडी (क्लासमधली फंक्शनं) बाहेरून दिसेनाशा होणार असतील तर आधीच इशारा मिळतो. कॉमेंट आणि स्ट्रिंगमधल्या नावांसाठी वेगळा पर्याय आहे. तो निवडलात तर प्रिव्ह्यू नीट वाचाच, नको ते शब्दही त्यात येतात.

गिटचं, म्हणजे कोडमधल्या बदलांचा इतिहास ठेवणाऱ्या साधनाचं, भान मात्र आपणच ठेवायचं. गिट नामांतराची नोंद ठेवत नाही, दोन फाइलींतल्या साम्यावरून ते ओळखतं. साम्याची मूळ मर्यादा किमान ५० टक्क्यांची. म्हणून फाइल हलवण्याचा कमिट (गिटमधली बदलांची एक नोंद) वेगळा आणि आतला कोड बदलण्याचा वेगळा, हा नियम मी टीममध्ये आग्रहाने लावून घेतलाय. नावात फक्त लहान-मोठं अक्षर बदलायचं असेल तर विंडोज आणि मॅकवर जास्त जपा, कारण तिथे ती सहसा एकच नाव धरली जातात, पण लिनक्सच्या सर्व्हरवर ती दोन वेगळी नावं असतात.