पाच पावसाळे बंद पडलेला परसातला स्विमिंग पूल: सुरू करून उन्हाळाभर वापरल्यानंतरचा अनुभव

बंद पडलेला पूल पुन्हा सुरू करायचा असेल तर पहिला खर्च पाणी तपासायच्या चांगल्या किटवर करा. पंप, वाळू, केमिकल, सगळं त्यानंतर. आम्ही ऑक्टोबरात पूल साफ करायला घेतला, मे संपेपर्यंत भरपूर वापरला, आणि आज कोणी विचारलं तर मी आधी हेच सांगते. ऐकणाऱ्याला ते पटत नाही, कारण किट महाग असतं आणि त्याने पाणी स्वच्छ होत नाही.

पूल दापोलीजवळ, सासरच्या घरामागे. ८ मीटर लांब, ४ मीटर रुंद, एका टोकाला १.१ मीटर खोल, दुसऱ्याला १.६. म्हणजे साधारण ४३,००० लिटर. आपल्या पुलाचा हा आकडा काढून पंपघराच्या दारावर लिहून ठेवा, पुढचं सगळं गणित त्यावर चालतं. दिरांना होमस्टे काढायचा होता म्हणून पूल बांधला. मग ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं. पोफळी आडव्या झाल्या, माड मोडले, वीज परत यायला कित्येक आठवडे गेले, त्यात करोना. घर सावरलं, पुलाकडे कोणी वळलं नाही. २०२४ च्या पावसाळ्यानंतर पाहिलं तर काळपट हिरवं पाणी, तळाशी झावळ्यांचा आणि पानांचा कुजलेला थर, आणि वर गप्पी मासे. मासे आरोग्य खात्याच्या माणसाने डासांच्या अळ्यांसाठी सोडले होते. ते होते म्हणून गेली काही वर्षं आजूबाजूच्या घरांना आमचा त्रास झाला नाही. राखणदार मामांनी ते आधी काढून गोठ्यामागच्या हौदात सोडले.

पुण्याहून पूलवाल्याला बोलावलं होतं. त्याने बघितल्याबरोबर सांगितलं, सगळं पाणी उपसा, ॲसिडने घासून काढू. सासरे म्हणाले, आधी विहिरीत डोकावून या. विहीर पुलापासून दहा-बारा पावलांवर, आणि ऑक्टोबरात तिचं पाणी पुलाच्या तळापेक्षा बरंच वर होतं. अशा वेळी पूल रिकामा केला तर जमिनीतलं पाणी त्याला खालून रेटतं. आतल्या पाण्याचं वजनच काँक्रीटला धरून ठेवत असतं. ते गेलं की सांगाडा उचलला जातो, तडे जातात. तळाला हे पाणी आत घेणारा सुटकेचा व्हॉल्व्ह असला तर गोष्ट वेगळी, आमच्याकडे तो नाही. कोकणात दिवाळीच्या आधी पूल उपसायला सांगणाऱ्याकडून काम करून घेऊ नये, असं माझं मत झालं आहे.

उपसायची गरजही नव्हती. दापोलीला वर्षाला साडेतीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, म्हणजे आमच्या पुलाच्या सरासरी खोलीच्या अडीचपट. दर पावसाळ्यात वरून नवं पाणी येऊन जुनं वाहून गेलेलं. जुन्या केमिकलचं नाव उरलं नव्हतं. पण पावसाचं पाणी फार हलकं. अल्कलिनिटी, म्हणजे पीएच स्थिर ठेवायची पाण्याची ताकद, ३० पीपीएमच्या (लिटरमागे ३० मिलिग्रॅमच्या) आसपास, कॅल्शियम जवळपास नाही. असं पाणी टाइल्समधलं सिमेंट खातं, आणि आमच्या सांध्यांत बोट जाईल अशा चिरा पडल्या होत्या त्या त्यामुळेच. अल्कलिनिटी ८० पर्यंत न्यायला साडेतीन किलोच्या आसपास खायचा सोडा लागला. त्यासाठी ‘पूल ग्रेड’ म्हणून वेगळं काही घेऊ नका, पोत्यातला सोडा तोच असतो. कॅल्शियमसाठी कॅल्शियम क्लोराइड घातलं, सांधे नंतर जानेवारीत पाणी खाली घेऊन भरले.

आधी जाळीने गाळ काढला. हे काम कंटाळवाणं आहे आणि त्याला पर्याय नाही. तळाशी पानं असताना क्लोरीन ओतलं तर ते पानांवरच खर्ची पडतं. मामा आणि मामी रोज सकाळी थोडं थोडं काढत होते आणि तो गाळ माडांच्या आळ्यांत जात होता. क्लोरीनचा थेंब पडायच्या आधीचा म्हणून तो चालला.

पंपाचं मेकॅनिकल सील गेलं होतं आणि वाइंडिंगला ओल लागली होती. खेडला रिवाइंड करून आणला. बोर्डाचं सगळं वायरिंग नवं केलं, अर्थिंग तपासून घेतलं, करंट गळला की वीज तोडणारी ३० मिलिॲम्पिअरची आरसीसीबी बसवली, आणि पाण्यातला जुना दिवा काढून १२ व्होल्टचा लावला. समुद्राच्या खाऱ्या हवेत तांब्याचं काय होतं ते कोकणातल्या कोणाला सांगायला नको. इथे काटकसर करू नका.

फिल्टर उघडला तर आतली वाळू दगडासारखी बसलेली. पाणी कडेने वाट काढून तसंच बाहेर पडत होतं. नवी सिलिका वाळू घातली. नदीची नको, तिचे दाणे एकसारखे नसतात. टाकीत आधी निम्मं पाणी भरा आणि मग वाळू सोडा, नाहीतर तळातल्या प्लास्टिकच्या नळ्या वजनाने तुटतात. फिल्टरमधल्या पाण्याची वाट बदलणाऱ्या मल्टिपोर्ट व्हॉल्व्हची मूठ पंप बंद केल्याशिवाय फिरवायची नाही, हे मामांनी खडूने भिंतीवर लिहून ठेवलं आहे. गेजवरचा दाब स्वच्छ असतानाच्या आकड्यापेक्षा ८ ते १० पीएसआयने चढला की बॅकवॉश, म्हणजे पाणी उलटं सोडून वाळू धुणं. त्याआधी केलात तर उलट नुकसान, कारण थोडी मळलेली वाळू जास्त बारीक गाळते.

आता क्लोरीन. या भागात लोक चार वस्तू वापरतात: ब्लिचिंग पावडर, टीसीसीएच्या (हळूहळू विरघळणाऱ्या क्लोरीनच्या) गोळ्या, मोरचूद आणि हायपो. ब्लिचिंगने चुन्याचा साका खाली बसतो. मोरचूद शेवाळ मारतं हे खरं, पण तांबं पाण्यातच राहतं, टाइल्सवर डाग धरतं, पांढरे केस हिरवट करतं. आमच्या घरात पांढऱ्या केसांची माणसं जास्त, तेव्हा तो विषय तिथेच मिटला. आम्ही हायपो घेतला, म्हणजे कॅनमधलं १० टक्क्यांचं लिक्विड क्लोरीन. एक लिटर घातलं की आमच्या पुलात २.३ पीपीएम वाढतं.

त्याआधी स्टॅबिलायझर, म्हणजे सायन्युरिक ॲसिड, ३० पीपीएम होईल इतकं घातलं. सव्वा किलोच्या थोडं वर. ते नसेल तर भर उन्हात निम्मं क्लोरीन तासाभराच्या आत उडून जातं. मग पीएच ७.२ वर आणून संध्याकाळी पाच लिटरच्या थोडा वर हायपो, म्हणजे १२ पीपीएम. पंप चोवीस तास सुरू. दिवसातून दोन-तीनदा मोजायचं, कमी झालं असेल तितकं भरायचं, भिंती ब्रशने घासायच्या. पाणी हिरव्याचं राखाडी झालं, मग दुधी. सूर्य मावळल्यावर मोजलेलं आणि उगवायच्या आत मोजलेलं क्लोरीन यांत एक पीपीएमपेक्षा कमी फरक पडला की आत खायला काही उरलं नाही असं समजायचं. पाणी निळं दिसायला लागल्यावरही ही कसोटी लागायला काही दिवस गेले, आणि पूलवाला ‘झालं की आता’ म्हणत होता तेव्हा ते झालेलं नव्हतं.

किटची गोष्ट इथे येते. दुकानात मिळतं ते पाण्याचा नमुना पिवळा करणारं स्वस्त किट एकूण क्लोरीन दाखवतं. त्यातलं कामाचं किती आणि घाम-लघवीशी बांधलं गेलेलं किती, ते कळत नाही. नमुना गुलाबी करणारं डीपीडी किट बरं, पण क्लोरीन फार असलं तर त्याचा रंगच उडतो आणि पाणी कोरं दिसतं. माणूस समजतो क्लोरीन नाही, आणि आणखी ओततो. थेंब मोजून रंग घालवायचं एफएएस-डीपीडी किट घ्या. मी टेलर कंपनीचं के-२००६ मागवलं. सायन्युरिक ॲसिडही त्यातच मोजता येतं. किंमत पाहून दिरांनी कपाळाला हात लावला होता, पण हंगामभर वाया गेलं असतं ते केमिकल धरलं तर पैसे वसूल आहेत.

एक खास कोकणी भानगड. पाणी कमी झालं म्हणून बोअरचं सोडलं आणि क्लोरीन लागताच अख्खा पूल चहाच्या रंगाचा झाला. जांभ्याच्या जमिनीत लोह, ते बोअरच्या पाण्यात, आणि क्लोरीनने त्याचा गंज होतो. फिल्टरने बराचसा पकडला, पायऱ्यांवर डाग राहिले. डाग कशाचा ते ओळखायला त्यावर व्हिटॅमिन सीची गोळी घासून पाहा. फिका पडला तर लोह. आता भर घालतो ती विहिरीच्या पाण्याची.

तुरटीबद्दल विचारलं जातंच. दुधी पाणी लवकर खाली बसवायला ती चालते, पण बसलेला गाळ व्हॉल्व्ह ‘वेस्ट’ वर ठेवून थेट बाहेर ओढायचा. फिल्टरमधून गेला तर वाळू चिकट होते. शिवाय तुरटीने पीएच उतरतो, तो पुन्हा सावरावा लागतो.

थंडीत काम जवळजवळ नव्हतं. आंब्याचा मोहर गळायला लागला तेव्हा स्किमरची, म्हणजे वर तरंगणारा कचरा ओढून घेणाऱ्या खाचेची, टोपली दिवसातून दोनदा रिकामी करावी लागली. मार्चपासून रोज सव्वा लिटरच्या आसपास हायपो लागतो, आमच्याकडच्या भावाने दिवसाला पंचवीस-तीस रुपये. वीज आणि मामांचा वेळ वेगळा. हायपो उन्हाळ्यात कॅनमध्येच उतरत जातो, म्हणून एप्रिल-मेमध्ये महिन्याचा साठा करू नका. ॲसिडचा कॅन त्याच्याजवळ ठेवायचा नाही, दोन्ही एकत्र सांडले तर विषारी वायू निघतो.

मेमध्ये नातवंडं, भाचरं, शेजारची पोरं, सगळी पाण्यात. पाण्याच्या रेषेवर टाइल्सना चिकट करडा पट्टा यायला लागला. खोबरेल तेल! ओल्या स्पंजवर सोडा घेऊन पुसला की जातो, पण आधी अंघोळ करूनच उतरायचं हा नियम सासऱ्यांनी काठी घेऊन पाळायला लावला. पुलाला येणारा तो उग्र वास क्लोरीन जास्त झाल्याचा नसतो, घाम आणि लघवीशी झगडून वापरलेल्या क्लोरीनचा असतो. वास आला तर क्लोरीन वाढवायचं. केरळात २०२४ आणि २०२५ मध्ये मेंदूला होणाऱ्या अमिबाच्या संसर्गाच्या बातम्या आल्या, तेव्हापासून घरातल्या बायका मला रोज आकडा विचारतात. तो जीव कोमट गोड्या पाण्यात वाढतो आणि नाकावाटे शिरतो. क्लोरीन नीट राखलेल्या पुलात तो टिकत नाही. म्हणून आकडा वहीत लिहितो, आणि तो कमी असेल त्या दिवशी कोणी उतरत नाही, पाहुणे कितीही लांबून आलेले असोत.

बेडकांवर क्लोरीनचा उपाय नाही. पायरीला एक फळी तिरकी बांधून ठेवली आहे, रात्री पडलेले त्यावरून चढून जातात.

टीसीसीएच्या गोळ्यांचं गणित सांगते, कारण प्रत्येक दुकानदार त्याच पुढे करतो. त्यांच्यातून १० पीपीएम क्लोरीन आलं की सोबत ६ पीपीएम सायन्युरिक ॲसिड येतं, आणि ते उडत नाही. रोज ३ पीपीएम गोळ्यांवर भागवलं तर महिन्याला पन्नासच्या वर साचतं, आणि ते जितकं जास्त तितकं क्लोरीन मंद. सहा महिन्यांत गोळ्या भरपूर आणि पाणी तरी हिरवं, अशी तक्रार होते ती यामुळे. मामा गावी गेले तर त्या आठवड्यापुरत्या तरंगत्या डब्यात गोळ्या, एरवी नाही. आणि गोळ्यांच्या डब्यात ब्लिचिंग किंवा कॅल्शियम हायपोक्लोराइट कधीच घालू नका, पेट घेतो.

आता दीर मिठाचं क्लोरिनेटर, म्हणजे खारवलेल्या पाण्यातून विजेने क्लोरीन करणारं यंत्र, घेऊ म्हणतात, म्हणजे कॅन वाहायला नकोत. मुंबई-पुण्यात बंदिस्त पुलाला ते उत्तम असेल. आमच्या पुलात त्यासाठी दीडशे किलो मीठ लागेल आणि जून ते सप्टेंबर ते पावसाबरोबर वाहून जाईल, तेही माडांच्या मुळाशी. शिवाय वीज गेली की क्लोरीन बंद. मी नको म्हटलं आहे. या पावसाळ्यात ताडपत्री टाकणार नाही, तिच्यावर पाणी साचून पोरासोरांना धोका होतो; सांडव्याची जाळी मोकळी ठेवायची, वीज असेल तेव्हा दिवसाला दोन तास पंप, आणि आठवड्यातून दोनदा किट काढायचं. मामींना थेंब मोजायला शिकवलं आहे. त्या माझ्यापेक्षा नीट मोजतात.