तापलेल्या पृष्ठभागावरचा मुक्काम: टीपीडी घ्यावी की खंडित झोत?

तापलेल्या प्लॅटिनमच्या स्फटिकावर कार्बन मोनॉक्साइडचा रेणू किती वेळ थांबतो, हे मोजण्यासाठी टीपीडी (स्फटिक एका गतीने तापवत नेऊन सुटणारा वायू मोजणे) आणि चॉपरने, म्हणजे खाचा असलेल्या फिरत्या चकतीने, खंडित केलेला रेणुझोत, या दोन्ही पद्धती मी वापरल्या आहेत. नवा नमुना पारखायचा असेल तर मी आजही आधी टीपीडीकडेच वळतो, कारण तिची जुळवणी सोपी असते आणि पृष्ठभाग किती भरला आहे याचा अंदाज लगेच येतो.

परंतु टीपीडीत थांबण्याचा काळ थेट मोजला जात नाही. वायू सर्वाधिक सुटतो त्या शिखराच्या तापमानावरून रेडहेड यांच्या १९६२ च्या सूत्राने रेणू सुटण्याची ऊर्जा काढावी लागते आणि त्यासाठी वारंवारता, म्हणजे रेणू सुटण्याचा प्रयत्न किती वेळा करतो तो आकडा, बहुधा सेकंदाला १०¹³ अशी गृहीत धरली जाते. ती प्रत्यक्षात १०¹⁵ असेल, तर ४५० केल्विनच्या शिखरासाठी ऊर्जेत सुमारे ०.१८ इलेक्ट्रॉन-व्होल्टचा फरक पडतो आणि ६५० केल्विनला काढलेला काळ चौपट चुकतो.

हेही मी कदाचित चालवून घेतले असते. शिखराच्या उजव्या उतारावर दिसणारा एक उंचवटा मात्र मला सहन झाला नाही. रेणूंची ती दुसरी जागा असावी, असे समजून मी कितीतरी आठवडे त्यावर घालवले. मग एकदा स्फटिकाचे तोंड वायू मोजणाऱ्या मास स्पेक्ट्रोमीटरपासून फिरवून तोच प्रयोग केला, तेव्हा शिखर खचले, पण उंचवटा जागचा हलला नाही. तो वायू स्फटिक धरून ठेवणाऱ्या तारांमधून येत होता.

खंडित झोत स्फटिकाच्या मध्यावरच पडतो, त्यामुळे तारांचा प्रश्न बऱ्याच अंशी मिटतो. तापमान स्थिर ठेवून, स्फटिकावरून परतणाऱ्या रेणूंचा संकेत चॉपरच्या तालाच्या किती मागे पडतो एवढेच पाहायचे असते. येणारे सगळे रेणू चिकटत असतील, तर ४० हर्ट्झला ४५ अंशांची पिछाडी म्हणजे सुमारे ४ मिलिसेकंदांचा मुक्काम. अशा नोंदी वेगवेगळ्या तापमानांना घेऊन काळाचा लॉगॅरिथम तापमानाच्या व्यस्ताशी मांडला, की रेषेच्या उतारातून ऊर्जा आणि छेदातून वारंवारता मिळते, काही गृहीत धरावे लागत नाही.

या पद्धतीला पंपांचा खर्च जास्त येतो आणि फार लांब मुक्काम तिच्या आवाक्यात येत नाहीत, हे खरे आहे. शिवाय रेणूंच्या २५ सेंटिमीटरच्या प्रवासाला लागणारा जवळपास अर्धा मिलिसेकंद वजा करावा लागतो. त्यासाठी मी त्याच झोतात आर्गॉन सोडून पाहतो, कारण या तापमानाला तो पृष्ठभागावर थांबत नाही, आणि त्याची पिछाडी वस्तुमानाच्या वर्गमुळाने सुधारून घेतो.