दुरुस्तीचा वर्षाचा प्लॅन की स्वतःची पिग्मी? दोन्ही वापरून झाल्यावर लिहितोय

आमचं घर बेळगावात वडगावला, पुढं स्लॅब आणि मागचं स्वयंपाकघर अजून कौलारू. मागच्या मिरगाच्या आधी मी दोन गोष्टी एकदमच चालू केल्या. फ्रिज, वॉशिंग मशीन, गिझर आणि आरओ मिळून एका कंपनीचा वर्षाचा दुरुस्तीचा प्लॅन घेतला, ५,९०० अधिक १८ टक्के जीएसटी म्हणजे ६,९६२ रुपये, आणि त्याच आठवड्यात रोज ५० रुपयांची पिग्मी लावली, म्हणजे रोज थोडे थोडे पैसे भरायची बचत ठेव, तीही फक्त घराच्या डागडुजीसाठी, दुसऱ्या कशाला हात लावायचा नाही असं घरात सगळ्यांना सांगून. आता पुढचा पाऊस तोंडावर आलाय.

आधी प्लॅनचं चांगलं सांगतो. आरओसाठी तो खरंच वसूल झाला. आमचं बोअरचं पाणी जड, भांड्यावर पांढरा थर बसतो, त्यामुळं फिल्टर लवकर जातात. माणूस वेळेवर आला, फिल्टर बदलले, मेम्ब्रेन पण बदलली, आणि मेम्ब्रेनच बाहेर दोन-अडीच हजाराला पडते बघा.

पण वॉशिंग मशीनचं ऐका. भर जुलैत, लाईट येतेय जातेय असल्या दिवसांत मशीन बंद पडलं. टेक्निशियननं मागचं झाकण काढून टॉर्च मारला तर बोर्डच्या एका कोपऱ्यात मुंग्यांनी घर केलेलं आणि शेजारचा भाग काळा पडलेला. त्यानं फोटो काढले आणि कागदावर लिहिलं, व्होल्टेज आणि कीटकांमुळं नुकसान, प्लॅनमध्ये बसत नाही. पोरगा बिचारा नीट बोलला, त्याचा काय दोष, अटींमध्ये ते लिहिलेलंच आहे. पण आपल्याकडं पावसाळ्यात लाईटची ही तऱ्हा, ओल, मुंग्या, पाली, मशीन बिघडतं ते ह्याच कारणांनी की! तेवढंच वगळायचं असेल तर उरतं काय? बोर्डला ४,२०० गेले आणि पिग्मीत तेव्हा तेवढे साठलेच नव्हते, बाकीचे घरखर्चातून घातले. स्वतः साठवण्यातली खरी अडचण ही, सुरुवातीलाच मोठा खर्च आला तर डबा रिकामा असतो.

फ्रिजचं तर मला पटलंच नाही. कंप्रेसरची १० वर्षांची वॉरंटी कार्डावर आधीच होती, अशी बऱ्याच कंपन्या देतात, फक्त गॅस आणि मजुरी त्यात नसते. म्हणजे जे आपल्याकडं आहेच त्याचेच परत पैसे. कार्ड कपाटातून काढून एकदा वाचा.

आणि घराचा जो खरा खर्च तो प्लॅनमध्ये नव्हताच. दिवाळीनंतर बोअरची मोटर जळली, वर काढायची मजुरी आणि रिवाइंडिंग, सगळं पिग्मीतून निघालं. रिवाइंडिंगवाल्यानं जळकी तांब्याची तार माझ्यासमोर तोलली, तिचे पैसे बिलातून वजा केले आणि नवी वाइंडिंग हातात घेऊन दाखवली. आत्ता मे महिन्यात कौलं चाळून घेतली, फुटकी बदलली, दोन वासे किडलेले ते पण बदलले, परत पिग्मी. कुणाला फोन नाही, तक्रार नंबर नाही, आणि आईला हिंदीत काही समजावत बसायला लागलं नाही.

पिग्मी आपल्या कर्नाटकातलीच, १९२८ मध्ये सिंडिकेट बँकेनं चालू केलेली, माणूस दारात येतो म्हणून पैसे खरंच बाजूला पडतात. व्याज फार नाही आणि मुदतीआधी मोडली तर थोडे कापून घेतात, ते आधी विचारून घ्या. एक गोष्ट मात्र जीव तोडून सांगतो, बँकेतल्या ठेवीला, सहकारी बँक धरून, ५ लाखांपर्यंत डीआयसीजीसीचा, म्हणजे रिझर्व्ह बँकेच्या ठेव विमा कंपनीचा, विमा असतो, पतसंस्थेतल्या ठेवीला तो नसतो. आपल्याकडं गल्लीगल्लीत सोसायट्या आहेत आणि ओळखीचा माणूस आला की आपण नको म्हणत नाही. माझी बँकेत आहे.

प्लॅन घेतलाच असेल आणि काम नाकारलं तर कारण लेखी मागा, त्याशिवाय १९१५ ह्या ग्राहक हेल्पलाइनवर बोलायला हातात काही राहत नाही.

प्लॅन आपोआप रिन्यू होणार होता, ते बंद केलंय. नुसत्या आरओचा वेगळा करार घेणार, आणि पिग्मी ५० ची ७० करायला सांगितलीय, कारण स्लॅबला गच्चीच्या कोपऱ्यात ओल दिसायला लागलीय आणि वॉटरप्रूफिंगचं काम ह्या पावसानंतर काढायलाच लागणार.