नॅसच्या यूएसबी डिस्कवर एक्स्ट४ : उन्हाळा-पावसाळा काढल्यानंतर

नागपुरातली व्याख्यानं, कविसंमेलनं, गाण्याच्या बैठकी यांचं चित्रीकरण आम्ही काही मित्र मिळून करतो. सगळं महाल भागातल्या घरी एका नॅसवर (नेटवर्कला जोडलेल्या साठवणीच्या पेटीवर) जमा होतं आणि त्याच्या यूएसबीला लावलेल्या ४ टीबीच्या डिस्कवर रोज रात्री बॅकअप जातो. ही बाहेरची डिस्क मार्चमध्ये एक्स्ट४ या लिनक्सच्या फाइल सिस्टिमने (डिस्कवर फाइली मांडण्याच्या पद्धतीने) फॉरमॅट केली. आता पावसाळाही सरला. डिस्क नॅसलाच लावून ठेवायची असेल, तर माझं मत स्पष्ट आहे: एक्स्ट४ घ्या.

"पण मग विंडोजवर फाइली दिसतील का?" हा प्रश्न सगळे विचारतात. दिसतात. लॅपटॉप नेटवर्कवरून नॅसशी एसएमबीने (नेटवर्कवरून फाइली देण्या-घेण्याच्या पद्धतीने) बोलतो, डिस्कशी नाही. डिस्क वाचण्याचं काम नॅसमधलं लिनक्स करतं आणि लॅपटॉपला तयार फाइल मिळते. म्हणून फाइल सिस्टिम निवडताना नॅसला काय मानवतं ते बघायचं, घरात कोणते लॅपटॉप आहेत ते नाही.

दुकानातून डिस्क आली ती एक्सफॅट या विंडोज-मॅक दोन्हीकडे चालणाऱ्या फाइल सिस्टिममध्ये. त्यात जुन्या फॅट३२सारखी एका फाइलीला ४ जीबीची मर्यादा नाही, त्यामुळे दोन तासांचं भाषण एका फाइलीत मावतं. पण एक्सफॅटला जर्नल, म्हणजे बदलांची आगाऊ नोंदवही, नाही. आमच्याकडे मे-जूनमध्ये संध्याकाळी वादळ आलं की लाइट जाते, आणि इन्व्हर्टर सुरू होईपर्यंतच्या क्षणात नॅसही बंद पडतो. एक्सफॅट असताना अशा झटक्यानंतर डिस्क तपासणीशिवाय पुढे सरकत नसे आणि काही फाइली शून्य बाइटच्या निघाल्या. एक्स्ट४ होणारे बदल आधी जर्नलमध्ये नोंदवते, त्यामुळे पुन्हा चालू केल्यावर काही क्षणांत डिस्क जागेवर येते. मात्र जर्नल डिस्कची रचना सांभाळतं. लाइट गेली तेव्हा जी फाइल कॉपी होत होती, ती अर्धवटच राहते. म्हणून छोटा यूपीएस तरीही हवाच.

मला सर्वात जास्त समाधान दिलं ते हार्ड लिंकने, म्हणजे एकाच फाइलीला आणखी एक नाव देण्याच्या सोयीने. बॅकअप घेणारा आरसिंक हा प्रोग्राम रोज नव्या तारखेचा फोल्डर करतो. उघडला तर त्यात सगळं भांडार दिसतं, पण न बदललेल्या फाइली पुन्हा कॉपी झालेल्या नसतात, जुन्याच फाइलीला नवं नाव जोडलेलं असतं. एक्सफॅटवर हार्ड लिंक नाहीत, तिथे हा प्रकार जमत नाही. शिवाय मोठ्या डिस्कवर एक्सफॅटचा क्लस्टर (जागा वाटण्याचा सर्वात छोटा तुकडा) साधारणपणे १२८ केबीचा असतो, म्हणजे वक्त्याच्या परिचयाची दोन केबीची टिपणंसुद्धा १२८ केबी जागा अडवतात. अशी टिपणं आमच्याकडे ढिगाने आहेत.

आता त्रास. मराठी माणसाने हा भाग नीट वाचावा. एक्स्ट४मध्ये फाइलीचं नाव २५५ बाइटपर्यंत चालतं. एक्सफॅट आणि विंडोजची एनटीएफएस बाइट मोजत नाहीत, तिथे देवनागरीतही जवळपास २५५ चिन्हं मावतात. यूटीएफ-८ या अक्षरं साठवण्याच्या पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेतं, आणि काना, मात्रा, अनुस्वार, हलन्त हे सगळे वेगळे मोजले जातात. म्हणजे एक्स्ट४वर जेमतेम ८५ चिन्हं. नुसतं 'वसंतराव देशपांडे सभागृह' एवढं लिहिलं तरी ६५ बाइट संपतात. त्यात वक्ता, विषय, संस्था आणि तारीख घातली की नाव लांबतच जातं. जुन्या डिस्कवरची अशी कित्येक भाषणं एक्स्ट४ने नाकारली. बीटीआरएफएस या लिनक्सच्या दुसऱ्या फाइल सिस्टिमलाही हीच मर्यादा आहे, तिकडे पळून उपयोग नाही. आम्ही आता फाइलीच्या नावात तारीख आणि आडनाव एवढंच ठेवतो, बाकीचा तपशील सोबतच्या टिपणात. शोधायला हे खरं तर जास्त सोयीचं पडलं.

दुसरं, एक्स्ट४ मुळातच ५ टक्के जागा रूटसाठी (लिनक्सच्या मुख्य वापरकर्त्यासाठी) राखून ठेवते. ४ टीबीवर हे २०० जीबी होतात. नुसत्या साठवणीच्या डिस्कवर त्याची गरज नाही, ट्यूनटूएफएस या आदेशाने ती मोकळी करता येते. तिसरं, डिस्क दुसऱ्या लिनक्सवर लावली तर फाइलींची मालकी नावाने नाही, क्रमांकाने ओळखली जाते आणि परवानगी नाकारली जाते. आणि विंडोजला थेट लावली तर ते फॉरमॅट करू का असं विचारतं. घरातल्या प्रत्येकाला बजावून ठेवा, तिथे 'हो' म्हणायचं नाही. नॅस बिघडला तर विंडोज ११मध्ये डब्ल्यूएसएलने (विंडोजमध्येच लिनक्स चालवण्याच्या सोयीने) अशी डिस्क जोडता येते, पण लिनक्सचा बूट होणारा पेनड्राइव्ह मला अधिक भरवशाचा वाटतो.

बीटीआरएफएसचाही विचार केला होता. त्यात चेकसम (मजकुरावरून काढलेले पडताळणीचे आकडे) असतात, फाइल आतून खराब झाली तर कळतं. पण एकाच डिस्कवर फाइलीची दुसरी प्रत नसल्याने ती दुरुस्त होत नाही. नॅसच्या आतल्या डिस्कच्या जोडीसाठी बीटीआरएफएस, बाहेरच्या एकट्या डिस्कसाठी एक्स्ट४, अशी विभागणी मला पटली.

उन्हाबद्दल एवढंच: पारा ४५च्या वर गेला की कोणतीही फाइल सिस्टिम मदतीला येत नाही. डिस्क बंद कपाटात ठेवू नका, आणि कूलरच्या ओल्या झोतासमोरही नको.

वक्त्यांना किंवा संस्थांना चित्रीकरण द्यायचं असेल तेव्हा आम्ही अजूनही एक्सफॅटचाच पेनड्राइव्ह देतो. त्यांच्याकडे विंडोज असो, मॅक असो, तो दोन्हीकडे उघडतो, आणि मूळ प्रत आमच्याकडे असतेच.