केबल सोडल्यानंतरचे आठ महिने: हॉकी प्लेऑफ, स्ट्रीमिंग आणि पडद्याखालची ती पट्टी

कॅनडातल्या मिसिसागा शहरातल्या आमच्या घरी सतरा वर्षे केबल होती. ती सोडण्याचा निर्णय एका पिकअप ट्रकच्या जाहिरातीमुळे पक्का झाला. 22 एप्रिल 2025 रोजी टोरांटो मेपल लीफ्स आणि ओटावा सेनेटर्स यांच्यातला प्लेऑफच्या, म्हणजे मोसमाअखेरच्या बाद सामन्यांच्या, पहिल्या फेरीचा दुसरा सामना मी नेहमीप्रमाणे रेकॉर्डिंगला लावून कामावर गेलो होतो. माझी पाळी दुपारी तीन ते रात्री अकरा अशी असल्याने बर्फावरची हॉकी मी वर्षानुवर्षे मध्यरात्रीच पाहत आलो आहे. पावणेबाराला ताट घेऊन बसलो, दोन-दोन अशी बरोबरी झाली, साठ मिनिटे संपली, मध्यंतर सुरू झाले आणि ती जाहिरात अर्ध्यावर असताना पडद्यावर प्रश्न आला, ‘रेकॉर्डिंग संपले, पुसून टाकायचे का?’ मॅक्स डोमीने ओव्हरटाइममध्ये मारलेला विजयी गोल मला दुसऱ्या दिवशी एका सहकाऱ्याच्या फोनवर पाहावा लागला.

‘रेकॉर्डिंग साठ मिनिटे उशिरा थांबवा’ ही सोय मला ठाऊक नव्हती असे नाही; ती कायमची लावून ठेवलेली होती. मात्र त्या आठवड्यात केबलच्या डब्याने (सेट-टॉप बॉक्सने) रात्रीतून स्वतःला अपडेट करून घेतले आणि माझ्या सगळ्या सेटिंग्ज मूळपदावर नेऊन ठेवल्या. ज्या डब्याचे भाडे मी दरमहा भरत होतो, त्याने प्लेऑफच्या ऐन आठवड्यात असे करावे, हे मला सहन झाले नाही. कॅनडाच्या प्रसारण नियामक मंडळाच्या आदेशामुळे 1 मार्च 2016 पासून मूळ वाहिन्यांचा संच जास्तीत जास्त 25 डॉलरला मिळतो खरा, परंतु त्यावर खेळांच्या वाहिन्या, डब्याचे भाडे आणि कर चढवत गेल्यावर माझे बिल 96 डॉलरवर पोहोचले होते.

केबल बंद करण्यासाठी फोन केला, तेव्हा पलीकडच्या बाईंनी तीस दिवसांची पूर्वसूचना मागितली. अशी सक्ती 23 जानेवारी 2014 पासूनच बंद झाली आहे, हे मी सांगितल्यावर त्यांनी फोन धरून ठेवायला लावला आणि बावीस मिनिटांनी परत येऊन सहा महिन्यांची सवलत देऊ केली. मी ती नाकारली. डबा दुकानात नेऊन दिला, पावती घेतली, तरीही जुलैमध्ये ‘परत न केलेल्या उपकरणाचे’ 180 डॉलर मागणारे पत्र आले. पावतीचा कागद उष्णतेवर छापला जाणारा असल्याने तोवर तो जवळजवळ कोरा झाला होता. सुदैवाने ज्या दिवशी डबा दिला, त्याच संध्याकाळी मी त्या पावतीची झेरॉक्स काढून ठेवली होती. या सवयीवरून घरातले लोक मला वीस वर्षे हसत आले आहेत.

आता मूळ विषयाकडे वळतो. स्ट्रीमिंगची वार्षिक वर्गणी भरली आणि पहिले दोन आठवडे मी अक्षरशः हरखून गेलो होतो. रेकॉर्डिंग लावण्याची भानगडच उरली नाही. कोणताही सामना संपल्यावर पहिल्या मिनिटापासून, ओव्हरटाइमसकट पाहता येतो. चित्र केबलपेक्षा निश्चितच स्वच्छ आहे. हॉकीत याला महत्त्व आहे, कारण पक म्हणजे तीन इंच व्यासाची आणि एक इंच जाडीची काळी रबरी चकती. चित्र जरा फाटले, तरी ती काठ्यांच्या गर्दीत हरवते. निकाल लपवण्याची सोयही आहे, म्हणजे सामन्यांच्या यादीत गोलसंख्या दिसत नाही. रात्रपाळीच्या माणसाला आणखी काय हवे, असे मी त्या दिवसांत ज्याला त्याला सांगत होतो.

मग पडद्याच्या तळाशी असलेल्या पट्टीकडे माझे लक्ष गेले.

ती पट्टी म्हणजे सामन्याचा किती भाग झाला आणि किती उरला, हे दाखवणारी रेघ. पाणी प्यायला उठताना थांबवण्याचे बटण दाबले की ती उमटते आणि उजव्या टोकाला एकूण वेळ लिहिलेला असतो. सिनेमा पाहताना तिचा उपयोग होतो. प्लेऑफच्या हॉकीत मात्र ती पट्टी म्हणजे शेजारी बसून शेवट सांगणारा पाहुणा आहे. साधारण सामना मध्यंतरांसह पावणेतीन तासांच्या आत संपतो. प्लेऑफमध्ये बरोबरी झाली, तर पेनल्टी शॉट्सवर निकाल लावत नाहीत. पहिला गोल पडेपर्यंत वीस-वीस मिनिटांचे पूर्ण डाव खेळवतात. म्हणून पट्टीवर 2:38 दिसले, तर ओव्हरटाइम झाला नाही, हे मला कळते. 3:20 दिसले, तर झाला, हेही कळते. निकाल लपवून ठेवणाऱ्यांनी निकालाची लांबी मात्र उघडी ठेवली आहे.

हे किरकोळ वाटत असेल, तर 12 जूनचा सामना पाहा. प्लेऑफच्या विजेत्याला मिळणाऱ्या स्टॅनली कपच्या अंतिम फेरीतला चौथा सामना, फ्लोरिडा पँथर्सच्या मैदानावरचा. पहिल्या डावात एडमंटन ऑयलर्स तीन गोलांनी मागे, त्यानंतर गोलरक्षक स्टुअर्ट स्किनरला बसवून कॅल्विन पिकार्डला उतरवलेले, मग एकेक करून तिन्ही गोल फेडलेले आणि तिसऱ्या डावात जेक वॉलमनच्या गोलने 4-3 अशी आघाडी. शेवटचे अर्धे मिनिट उरले असताना फोन वाजला म्हणून मी बटण दाबले. पट्टीवर अजून पाऊण तास शिल्लक होता. त्या क्षणी मला कळले की, फ्लोरिडा बरोबरी करणार. वीसेक सेकंद बाकी असताना सॅम राइनहार्टने ती केलीही, समालोचकाचा आवाज फाटला आणि मी आजारी माणसाचे तापमान पाहावे, तशा निर्विकारपणे ते पाहिले. ओव्हरटाइममध्ये लिऑन ड्रायसाइटलने सामना जिंकून दिला, तेव्हाही पट्टीवरून हिशेब मांडून मी आधीच चष्मा नीट करून बसलो होतो. या मोसमातला बहुधा सर्वांत चांगला सामना मी असा पाहिला.

सेवेच्या ग्राहक विभागाला मी सविस्तर पत्र लिहिले. उपाय अगदी साधा आहे, प्रत्येक सामन्याच्या मागे कोरी चित्रफीत जोडून सगळ्यांची लांबी सहा तास करावी, हेही सुचवले. उत्तर आले की, निकाल लपवण्याची सोय सेटिंग्जमध्ये उपलब्ध आहे. मी पुन्हा लिहिले. पुन्हा तेच उत्तर आले. अखेर मी कालनिर्णयच्या मागचा पुठ्ठा टीव्हीच्या रुंदीएवढा कापला आणि चिकटपट्टीने तळाशी लावला. गोलफलक वरच्या डाव्या कोपऱ्यात असल्याने काही अडत नाही. पुठ्ठा लावून पाहणारा मी या खंडातला एकमेव ग्राहक असेन, असे पत्नीचे मत आहे.

थेट प्रक्षेपणाचा अनुभव वेगळा आणि त्याबाबत माझे मत मध्येच बदलले. 6 जूनला रजा होती, म्हणून अंतिम फेरीतला दुसरा सामना थेट पाहत होतो. तळघरात राहणारा आमचा पंजाबी भाडेकरू, ज्याला 2008 मध्ये सुरू झालेल्या पंजाबी समालोचनामुळे हॉकीची गोडी लागली, तोही खाली बसून पाहत होता. एडमंटन एका गोलने मागे, अठरा सेकंद बाकी असताना चाळिशीच्या कोरी पेरीने बरोबरी साधली. पण माझ्या पडद्यावर पन्नासेक सेकंद उरलेले असतानाच खालून जमीन हादरली. मी जिना उतरून गेलो, तर तो म्हणाला, “अंकलजी, तुमचा गोल अजून व्हायचा आहे का?” फोनच्या घड्याळावर मोजले, तर आमच्यात चौतीस सेकंदांचे अंतर निघाले. स्ट्रीमिंगमध्ये चित्राचे काही सेकंदांचे तुकडे पाडतात, ते वेगवेगळ्या सर्व्हरवरून फिरतात आणि अडखळू नये म्हणून आपले उपकरण काही तुकडे आधी साठवून मगच दाखवते. त्यामुळे हा उशीर होतो. मी आधी रागावलो, परंतु मध्यरात्री पाहणाऱ्याला चौतीस सेकंदांचे काय, असे म्हणून सोडून दिले. ब्रॅड मर्चंडने दुसऱ्या ओव्हरटाइममध्ये सामना संपवला, तो आम्ही दोघांनी तळघरातच पाहिला.

तेव्हाच मला दिसले की, त्याच्या टीव्हीला ना केबल आहे, ना इंटरनेट. खिडकीत एक चपटा अँटेना टेकवलेला, जुन्या सामानाच्या दुकानातून सहा डॉलरला आणलेला. टोरांटोच्या सीएन टॉवरवरून येणारे सीबीसी या सार्वजनिक वाहिनीचे प्रक्षेपण पाच-एक या क्रमांकावर फुकट दिसते आणि अंतिम फेरीचे सामने तिथेही दाखवले जात होते. मी 96 डॉलर भरत होतो, त्या काळातही ते तिथे फुकटच होते, हे लक्षात आल्यावर त्या रात्री मला झोप लागली नाही.

ऑक्टोबरमध्ये नवा मोसम सुरू झाल्यावर आणखी हिशेब उलगडला. प्लेऑफचे सगळे सामने देशव्यापी प्रक्षेपण हक्कांत येतात, म्हणून एकाच वर्गणीत दिसतात. साध्या मोसमात मात्र लीफ्सचे काही स्थानिक सामने दुसऱ्या वाहिनीकडे असतात आणि सोमवारचे देशव्यापी सामने 2024-25 पासून अ‍ॅमेझॉन प्राइमवर गेले आहेत. केबलवर हे सारे एका रिमोटने होत असे. दोन वर्गण्या भरूनही स्थानिक सामन्यांतले कित्येक दिसत नाहीत आणि वाचवलेल्या पैशांतला बराचसा भाग परत जातो. देशव्यापी हक्कांचा 2013 मध्ये झालेला बारा वर्षांचा करार 5.2 अब्ज डॉलरचा होता; 2026-27 पासून लागू होणारा पुढचा बारा वर्षांचा करार 11 अब्जांचा आहे. वर्गणी कमी होईल, या आशेवर कोणी बसू नये.

नोव्हेंबरमध्ये मी अँटेनाला जोडायचा एक छोटा डबा आणला. त्याला पेनड्राइव्ह लावला की रेकॉर्डिंग होते. शनिवारच्या सामन्यासाठी त्यावर संध्याकाळी सात ते रात्री एक अशी वेळ ठरवली आहे. सहा तासांचा हिशेब मी असाच मांडलेला नाही: 24 मार्च 1936 रोजी मॉन्ट्रियलमध्ये डेट्रॉइट आणि मरून्स यांच्यातला प्लेऑफचा सामना सहाव्या ओव्हरटाइमपर्यंत, एकूण 176 मिनिटांहून अधिक खेळला गेला आणि रात्री साडेआठला सुरू होऊन पहाटे अडीचच्या सुमारास 1-0 असा संपला. तेवढा वेळ पुरला, तर काहीही पुरेल. आता थांबवण्याचे बटण दाबले की पट्टीवर नेहमी सहा तासच दिसतात, मग सामना केव्हाही संपलेला असो. पुढचे रात्रीच्या बातम्यांचे रेकॉर्डिंग मी पुसून टाकतो.

म्हणजे ज्या प्लेऑफसाठी स्ट्रीमिंग घेतले, त्या प्लेऑफपुरती मला त्याची गरज उरलेली नाही आणि ज्या मोसमासाठी ते हवे, त्यातले निम्मे त्यावर दिसत नाही. पश्चिम विभागातले उशिरा सुरू होणारे सामने मात्र अँटेनावर क्वचितच येतात आणि चित्राच्या बाबतीत स्ट्रीमिंगला तोड नाही, म्हणून पाचपैकी तीन गुण देतो. पट्टी झाकण्याची सोय दिली, तर चार देईन. वर्गणीची मुदत एप्रिलच्या शेवटी संपते. आपोआप नूतनीकरणाची खूण आजच काढून टाकली आहे आणि ती काढल्याचा ईमेल छापून पावतीच्या झेरॉक्सशेजारी ठेवला आहे.